गुडघ्यातली साखर

माझ्या गुडघ्यात डॉक्टर साखरेचं पाणी टोचतो, हे मला माझ्या सख्ख्या बहिणीने सांगितलं. सांगितलं तेही भर बाजारात, समोर बांगडा मासळीची पाटी आणि डोक्यावर गिऱ्हाईक उभं असताना, हळूच कानाशी येऊन. तिने ते मायेपोटी सांगितलं असं मी त्यानंतर कितीतरी महिने धरून चालले. काय म्हणायचं या अकलेला! आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला ते तुम्हाला कळेल.

मी मासे विकणारी. मालवणच्या बाजारात माझा पाट होता. पाट म्हणजे बसायची जागा. तिथेच विळी, तिथेच माशांची पाटी, तिथेच पाण्याची बादली. माझा पाट दरवाजातून आत आलं की लगेच उजव्या हाताला. डोक्यावर सावली, समोरून वारा, आणि बाजारात शिरणारा माणूस सगळ्यात आधी मलाच बघणार. हा पाट माझ्या सासूचा. थोरली सून म्हणून तो माझ्याकडे आला आणि अर्ध्या आयुष्याच्या सकाळी मी त्यावर काढल्या. एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायाने विळी दाबून धरलेली, आणि हातात सुरमई. सुरमईचं डोकं काही असंतसं सुटत नाही. सगळा भार त्या विळीवरच्या पायावर येतो.

या पाटाचा कुठे कागद नाही. आमच्या बाजारात रीत अशी, की नारळी पौर्णिमेनंतर बोटी पहिल्यांदा दर्यात जाऊन आल्या की त्या दिवशी प्रत्येक पाटाला हळद-कुंकू लावायचं. लावायचं ते आपण नाही, शेजारच्या पाटावरच्या बाईने. त्या दिवशी जी बसलेली असेल, पाट तिचा. मग वर्षभर कुणी हूं की चूं करत नाही. भांडणं आम्ही बाकी सगळ्यावरून करतो, अगदी बर्फाच्या तुकड्यावरून सुद्धा, पण यावरून नाही.

आता बहीण. माझ्यापेक्षा बरीच धाकटी. आमच्या आईला मधुमेह होता. पायाला शिंपला लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. बहीण तेव्हा एवढीशी होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला पेज मी भरवली, तिची परीक्षा आली की रात्री बोटीचा भोंगा वाजला तरी मी दचकायची, हिची झोप मोडेल म्हणून. आणि माझं लग्न झाल्यावर चार वर्षांनी मीच घरच्यांच्या मागे लागून तिला माझ्या धाकट्या दिराला करून दिली. आपलं माणूस आपल्या घरात असावं, एवढाच माझा स्वार्थ. तेव्हापासून बहीण तीच आणि जाऊही तीच.

तिला पाट नव्हता. धाकट्या सुनेला नसतो. ती डोक्यावर पाटी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायची, पार धामापूरपर्यंत. दुपारी घरी आली की चुंबळ बाजूला फेकायची आणि मान चोळत बसायची. मी तिला चहा करून द्यायची. मला वाटायचं, एवढं पुरे आहे.

गुडघा दुखायला लागला तेव्हा मी आधी सगळं घरचंच करून पाहिलं. तेल झालं, लेप झाला. सासूच्या दोन्ही गुडघ्यांवर बिब्ब्याचे काळे डाग होते. दुखलं की ती बिब्बा तापवून चटका द्यायची, कातडी फोडाने फुगायची आणि आतलं दुखणं कमी झालं म्हणून ती सांगायची. मला तेवढी छाती नव्हती. शेवटी असं झालं की पाटावरून उठताना शेजारणीच्या खांद्याला धरल्याशिवाय उठता येईना. शेजारीण चेष्टा करायची, "अगो, माझो खांदो झिजलो!" मी हसायची. पण उठताच आलं नाही तर बाजारात बसणार कशी, ही धास्ती मला रोज पहाटे पाटी भरताना असायची.

कुणीतरी नांदगावचा डॉक्टर सांगितला. बाहेरगावचा, आठवड्यातून एकदा तिथे येणारा. बहीण म्हणाली, मी येते सोबत. कणकवलीला एसटी बदलून आम्ही गेलो. डॉक्टरने गुडघा हलवला, दाबला, वाकवला, हाडांचा फोटो उजेडात धरला. मग शुद्ध भाषेत भराभर बोलायला लागला. हाडं अजून बरी आहेत म्हणाला, पण सांधा धरून ठेवणारे बंध सैल झालेत. तिथे डेक्स्ट्रोजची सुई द्यायची, थोडी सूज येईल, आणि त्या सुजेमुळे शरीर स्वतःच डागडुजीला लागेल. त्याआधी त्याने माझं रक्त तपासून घेतलं. साखर ठीक होती.

मी सगळ्याला हो म्हटलं. तहसीलदार कचेरीत म्हणतो ना आपण, समोरचा शुद्ध बोलायला लागला की, होय साहेब, बरं साहेब, तसंच. डेक्स्ट्रोज म्हणजे काय हे विचारावंसं वाटलं नाही. इंग्रजी नाव आहे म्हणजे जबर औषध असणार.

सुई तर अशी झोंबली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन दिवस गुडघा फुगून बसला. सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, अशी ताकीद होती. सूजच काम करते म्हणे. महिन्याने दुसरी, मग तिसरी. आणि तिसरीनंतर एका सकाळी मी पाटावरून उठले, बादली घेतली, नळावर गेले, परत आले, आणि बसल्यावर ध्यानात आलं की आपण शेजारणीचा खांदा धरलाच नव्हता. शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मला रडूच फुटलं, मासळीच्या हातांनीच डोळे पुसले, आणि मग खारट पाण्याने ते दुप्पट चुरचुरले. एवढा आनंद मला मुलीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात बहीण बाजारात आली. रिकामी पाटी काखेला लावून माझ्या बाजूला टेकली.

"ताई, तो डॉक्टर तुका काय टोचता, ठावक आसा?"

"काय?"

"साखरेचां पाणी. थंयल्या नर्सीन माका सांगल्यान. निव्वळ साखरेचां पाणी गो! आवशीचो पाय कशान गेलो, इसारलंस?"

गिऱ्हाईक समोर बांगड्यांचा भाव विचारत होतं. मला ऐकू येईना. माझ्या डोळ्यांसमोर आईचा तो पाय आला, म्हणजे पाय नव्हता तीच जागा आली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. ज्या साखरेने आईला खाटेवर पाडलं तीच साखर हा माणूस माझ्या सांध्यात सुईने भरतो, आणि मी त्याला पुन्हा पुन्हा पाया पडून धन्यवाद देते!

पुढच्या खेपेला मी सुई घ्यायला गेले नाही, भांडायला गेले. बहीण सोबत होतीच. दवाखाना पेशंटांनी भरलेला. सुरुवात मी शुद्ध भाषेत केली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही मला फसवलंत," पण दुसऱ्या वाक्याला ती भाषा संपली आणि आमची सुरू झाली. माझ्या आवशीचा पाय गेला तो साखरेने, आणि तुम्ही पाय शाबूत असलेल्या बाईला साखर टोचता? शिरा पडली तुमच्या त्या सुयेवर! मासे विकणारणीचा गळा तो. बाहेर रस्त्यावर उभी असलेली माणसं आत डोकावली. डॉक्टर शांतपणे म्हणत होता, मावशी, तुमची साखर मी आधी तपासली होती ना, ऐकून तर घ्या. मी ऐकते कुठली. त्याच्या टेबलावर हात आपटून बाहेर पडले. दोन पेशंटही माझ्या मागोमाग उठून गेले.

बहीण त्या सगळ्या वेळात माझ्या मागे उभी होती. मी रस्त्यावर आले, तरी ती जरा उशिरानेच बाहेर आली. मला वाटलं, शरमली असेल बिचारी.

उन्हाळा लागेपर्यंत गुडघा पूर्वीपेक्षा वाईट झाला. शेजारणीचा खांदासुद्धा पुरेना, दोघींनी मिळून उठवावं लागायचं. गिऱ्हाइकासमोर असं उठवून घेणं नको वाटतं हो. एके दिवशी बहीण म्हणाली, "ताई, तू घराक बस. तुझ्या पाटार मी बसतंय. तू बरी झालंस काय सोडतंय." मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. माझी पाटी मीच तिच्या डोक्यावर दिली.

पावसाळ्यात बोटी बंद. त्यानंतर नारळी पौर्णिमा आली, सोन्याचा नारळ दर्याला गेला, बोटी सुटल्या. पहिल्या बाजाराच्या दिवशी मी ओळखीची रिक्षा बोलावून गेले. म्हटलं, आजच्या दिवसापुरतं तरी बसते, नंतर उचलून घरी न्या हवं तर. दरवाजाच्या पायऱ्या चढायला मला वेळ लागला. आत पोचले तेव्हा माझ्या पाटाला हळद-कुंकू लागलेलं होतं आणि त्यावर माझी बहीण बसली होती, नवीन साडी नेसून, केसात अबोलीचा वळेसर घालून. शेजारीण माझी नजर चुकवून पापलेटं मांडायला लागली.

"लोकांनी लावल्यानी गो," बहीण म्हणाली. "मी काय करू?"

मी म्हटलं, असू दे. खरंच तसं म्हटलं मी! रिक्षावाला थांबला होता, त्याच रिक्षाने परत आले. तेव्हापासून मी घराच्या ओट्यावर सुकी मासळी विकत बसायची. सोडे, सुके बांगडे, कधी पर्यटक आले तर त्यांना आवडते ती कोळंबी. बसायला खुर्ची. खुर्चीतून मासे विकायचे म्हणजे काय जिणं ते! बाजारातल्या गजाली मला बहीण संध्याकाळी येऊन सांगायची आणि मी कान टवकारून ऐकायची.

या थंडीत मी मनाशी ठरवलं, त्या डॉक्टरकडे परत जायचं. साखर तर साखर, मला बरं वाटत होतं हे खरं होतं ना? त्याची माफी मागायची, टोच म्हणायचं, आणि येत्या मोसमाला आपला पाट परत मागायचा. बहिणीला सांगितलं नाही. ती घाबरेल, आईचा विषय काढून रडेल, असं वाटलं. मुलीकडे जाते असं सांगून एकटीच निघाले.

नांदगावला उतरून दवाखान्याच्या दारात पोचले आणि बाहेर काढलेल्या चपलांमध्ये एक जोड दिसला. त्याचा अंगठा तुटला होता तेव्हा मी तो जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवला होता. शिवण माझीच, माझा हात मी ओळखते. तरीसुद्धा मी म्हटलं, असेल कुणाचा तरी. मी बाकावर बसले.

आतला पडदा सरकला आणि बहीण बाहेर आली. एक पाय जपून टाकत होती. साडी नीट करायला वाकली तेव्हा गुडघ्यावरची पांढरी पट्टी दिसली. मला बघितल्यावर तिचा चेहरा असा उतरला की विचारायला काही उरलंच नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत असताना नर्सने माझं नाव पुकारलं.

डॉक्टरने मला ओळखलं, पण मागचं काही काढलं नाही. मी म्हटलं, त्या दिवशी मी तोंड सोडलं, चूक झाली. तो म्हणाला, चूक माझीही झाली, तुम्हाला समजेल असं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मग त्याने सांगितलं, अगदी सावकाश. ही युक्ती त्याची नाही, फार जुनी. हजारो वर्षांपूर्वी ग्रीस देशात भाला फेकणाऱ्यांचा खांदा निखळायला लागला की वैद्य तिथे तापल्या लोखंडाचा डाग द्यायचे. डागाची जखम भरताना सांधा आवळला जायचा. पुढे हर्नियावर तशीच युक्ती सुईने करू लागले, आत झोंबणारं काहीतरी टोचायचं. गेल्या शतकात अमेरिकेतल्या एका सर्जनने ती कंबर आणि सांध्यांसाठी वापरली. आधी जहाल औषधं असायची. मग कळलं की घट्ट साखरेचं पाणीसुद्धा तेवढंच झोंबतं आणि अपाय कमी करतं.

"म्हणजे आमच्या सासूचा बिब्बा," मी म्हटलं.

तो हसला. "जवळपास. फक्त आतून."

अजूनही सगळे डॉक्टर मानत नाहीत, हेही त्याने लपवलं नाही. काही जण हसतात, म्हणाला. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही.

"आणि माझ्या आईसारखा पाय?"

"मावशी, तुमच्या एका कप चहात याहून जास्त साखर असते. त्याने मधुमेह होत नाही. हे मी तेव्हाच सांगणार होतो. तुम्ही रागावून निघून गेलात, पण तुमच्या सोबतची बाई, आत्ता सुई घेऊन गेली तीच, मागे थांबली होती. तिने मला हेच विचारलं आणि मी तिला हेच सांगितलं."

मी मान हलवली. त्याने माझा गुडघा हातात घेतला, हलवला, नवीन फोटो काढायला लावला. फोटो बघून त्याने तो माझ्यासमोर उजेडात धरला. आता हाडाला हाड घासतंय, म्हणाला. यावर हे पाणी चालेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ऑपरेशनचं बघा. आणि ऑपरेशन झालं तरी जमिनीवर मांडी घालून, विळीवर पाय दाबून बसणं आता विसरा.

पाट गेला तो तिथे, त्या खुर्चीत. नारळी पौर्णिमेला नव्हे.

परतीची एसटी एकच होती. बहीण थांब्यावर उभी होती. गाडी भरलेली, कंडक्टरने आम्हा दोघींना एकाच बाकावर बसवलं. कणकवलीला गाडी बदलली, पुन्हा शेजारी शेजारी बसलो. मग मी विचारलं.

"साखरेन काय होयत नाय, ह्यां तुका ठावक होतां?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "भांडण झालां तेव्हा विचारलंय मी डॉक्टरांक."

"आणि तरी माका बोललंस नाय? इतके महिने?"

"तू बरी झालंस काय म्हातारी होयसर पाटारच बसतलंस," ती म्हणाली, "ह्यां माका दिसत होतां."

असं म्हणाली. रडली नाही, काही नाही. मग एकदम बोलायला लागली, हळू आवाजात, पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. की तुझं लग्न थोरल्याशी झालं म्हणून पाट तुला, माझं काय चुकलं? की तू सावलीत बसलीस आणि मी उन्हात टाळकं तापवत वाडीवाडीने ओरडत फिरले, कुत्री मागे लागली, माणसांनी दारातून हाकललं. की तू एकदा तरी म्हटलंस, आज तू बस, मी फिरते? आणि आता पाट मिळाला तर वर्षात माझा गुडघा गेला. मग काय करू? मलाही बसायचंय.

खरं आहे, मी कधी म्हटलं नव्हतं. पण तिने तरी कधी मागितलं होतं? मागितलं असतं तर मी आलटून पालटून बसू म्हटलं असतं. म्हटलं असतं का? आता कुणाला ठाऊक. मला एवढं कळतं की पाट हवा होता तर पाट घ्यायचा, माझा पाय कशाला घेतलास? आणि वर आईला मधे घातलंस. ज्या आईच्या पायाचं फडकं मी बदलायची आणि तुला दाराबाहेर खेळायला पाठवायची, तिच्याच पायाची तू मला भीती घातलीस. हे सगळं मी तिला गाडीत बोलून दाखवणार होते. बाजार दणाणून सोडणारी मी, आणि तोंडातून आवाज फुटेना.

आमच्या थांब्यावर गाडी थांबली. ती आधी उतरली, जपून, ताज्या सुईचा पाय पुढे टाकत. मी दारापर्यंत आले. खालची पायरी आणि रस्ता यांत अंतर होतं आणि गुडघा वाकायला तयार नव्हता. मी दांडी धरून उभी. मागून माणसं ढोसत होती, कंडक्टर ओरडत होता, "चला मावशी, लवकर!" बहिणीने खालून हात वर केला.

मनात आलं, पडेन, दात पडतील, पण हा हात धरणार नाही. मग मी तो धरला. दोन्ही हातांनी धरला, सगळा भार तिच्यावर टाकून खाली आले, आणि घर येईपर्यंत मला तो सोडता आला नाही.